छत्तिशीतला खेळाडू घ्यावा का, आणि लोनच्या कागदावर काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक फुटबॉल क्लब आय-लीग 3, म्हणजे खालच्या पातळीच्या राष्ट्रीय लीगसाठी संघ उभा करतोय. आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळून आलेला 36 वर्षांचा भारतीय मिडफिल्डर ट्रान्सफर फीशिवाय मिळतोय. एक आयएसएल क्लब आपली तीन-चार तरुण पोरं लोनवर, म्हणजे करार स्वतःकडे ठेवून ठरावीक काळापुरती उसनी, द्यायला तयार आहे. पैसे मोजकेच. सीनियर घ्यावा की नाही, लोनचे नियम नेमके काय, आणि कुठे फसायला होतं?

मी वीसेक वर्षं गोवा, मुंबई आणि पुणे इथल्या क्लबांत टीम मॅनेजर म्हणून काढली. कुणाला खेळवायचं हे मी कधीच ठरवलं नाही. ज्याला खेळवायचं ठरलंय त्याला खेळता येईल अशी कागदपत्रं करणं, हे माझं काम. त्यामुळे हे उत्तर मैदानापेक्षा टेबलावरून दिलेलं आहे असं समजून वाचा.

आधी क्रम सांगतो, कारण बहुतेक क्लब तो उलटा करतात. सीनियर खेळाडूचं नाव मोठं असतं, म्हणून अध्यक्षांना त्याची सही आधी हवी असते. फोटो काढायचा असतो. लोनची पोरं मागाहून बघू म्हणतात. वास्तविक लोन विंडोत, म्हणजे खेळाडू-नोंदणीच्या ठरलेल्या काळात, अडकलेलं असतं. विंडो बंद झाली की विषय संपला. सीनियर जर खरोखर मोकळा असेल, म्हणजे विंडो बंद होण्याआधीच त्याचा जुना करार संपलेला असेल, तर फिफाच्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी विंडोनंतरही होऊ शकते. ती करू द्यायची की नाही हे फेडरेशनच्या हातात आहे, आणि स्पर्धेच्या खेळाडू-यादीची स्वतःची शेवटची तारीख असते, ती वेगळी. त्या दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. पण तत्त्व हेच की वेळ सीनियरच्या बाजूने नाही, तुमच्या बाजूने आहे. जुलैत जो आकडा तो सांगतो, तो सप्टेंबरात सांगत नाही. म्हणून आधी लोन, मग सीनियर.

तरी लिहिताना मी सीनियरपासूनच सुरुवात करतो, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय हे प्रश्नावरून दिसतं.

आपल्याकडे नावावर भुलण्याचा इतिहास आयएसएलच्या आधीचा आहे. जानेवारी 2012 मध्ये कोलकात्यात एका नव्या लीगसाठी क्रेस्पो, कान्नावारो, पिरेस, फाउलर, ओकोचा यांचा लिलाव झाला. एकट्या क्रेस्पोवर 8 लाख 40 हजार डॉलर लागले. ती लीग झालीच नाही. पुढे 2014 मध्ये आयएसएल आली आणि प्रत्येक संघाला एक मार्की, म्हणजे मोठ्या नावाचा, खेळाडू असा दंडकच होता. गोव्याकडे रॉबेर पिरेस, पुण्याकडे दाविद त्रेझेगे, मुंबईकडे फ्रेडी ल्युंगबर्ग, दिल्लीकडे देल पिएरो. स्टेडियम भरली, यात वाद नाही. फातोर्ड्याला पिरेस वॉर्म-अपला बाहेर आला की उठणारा तो गलका मी ऐकलाय. पण मैदानावरचा हिशोब बघा: त्रेझेगे दोन गोल, पिरेस एक, देल पिएरो एक, ल्युंगबर्ग दुखापतीमुळे जेमतेम चार सामने आणि गोल शून्य.

आता याच्या शेजारी दुसरी यादी ठेवा. फेर्रान कोरोमिनास, आपला कोरो, 2017 मध्ये एफसी गोव्यात आला तेव्हा 34 वर्षांचा होता. पहिल्या मोसमात 18 गोल, दुसऱ्यात 16, तिसऱ्यात 14. नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे 33 व्या वर्षी नॉर्थईस्टकडे आला, पुढे केरळ, मुंबई सिटी आणि हैदराबाद. 2021-22 च्या मोसमात वयाच्या 37 व्या वर्षी त्याने 18 गोल केले आणि हैदराबाद चॅम्पियन झालं. 2016 मध्ये दिएगो फोर्लान 37 वर्षांचा होता. अंधेरीत केरळविरुद्ध 5-0 च्या सामन्यात त्याची हॅटट्रिक, आणि मुंबई त्या मोसमात गुणतक्त्यात पहिली.

वय दोन्ही याद्यांत सारखंच उतरणीचं. मग फरक कुठे? मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट आधी बघत आलोय: गेल्या मोसमात तो किती मिनिटं खेळला. पिरेसने गोव्याआधीचा शेवटचा क्लब सामना 2011 मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून खेळला होता. ल्युंगबर्ग 2012 मध्ये निवृत्त झालेला होता, त्याला परत बोलावलं. कोरो मात्र सायप्रसच्या एका साध्या क्लबातून, दोक्साकडून, नियमित खेळून आला. ओग्बेचे नेदरलँड्सच्या विलेम टू मधून आला, फोर्लान उरुग्वेच्या पेन्यारोलमधून. कोरोचं नाव इथे कुणी ऐकलेलं नव्हतं, त्याच्या स्वागताला विमानतळावर गर्दी नव्हती. त्याचे पाय मात्र चालू होते. उतारवयात शरीराला खेळाची सवय असेल तर ते आणखी वर्ष-दोन वर्षं रेटतं. सवय मोडली की परत लावताना काही ना काही तुटतं, बहुधा पोटरी नाहीतर हॅमस्ट्रिंग.

हा नियम पक्का नाही, हेही सांगतो. देल पिएरो सिडनीत दोन मोसम खेळून दिल्लीला आला होता, तरी एकच गोल. आणि पुण्याच्या लोकांना आयडुर गुडजॉनसेन आठवत असेल. 2016 च्या युरोत आइसलँडच्या संघात असलेला हा माणूस पुणे सिटीचा मार्की म्हणून आला, सरावात दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता परत गेला. त्याच्या जागी मोहमद सिसोकोला आणावं लागलं. म्हणजे सगळं बघून-सवरूनही दाणा कडू निघतो. तेवढी जोखीम पैशात धरायचीच.

आता बघायचं कसं. व्हिडिओ सगळेच बघतात. एजंटने पाठवलेल्या व्हिडिओत छत्तीस वर्षांचा माणूसही सव्वीसचा दिसतो. तुम्ही सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जिना उतरताना बघा. गंमत नाही करत. म्हापशाच्या एका लॉजमध्ये आमची टीम उतरली होती. लिफ्ट नव्हती, नाश्ता खाली. आमचा पस्तिशीचा स्टॉपर रोज सगळ्यांच्या आधी खाली येऊन बसलेला असायचा, मला वाटायचं शिस्तीचा माणूस आहे. एके दिवशी मी लवकर उठलो तर हा एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मूल उतरतं तसा उतरत होता. पोरांनी बघू नये म्हणून सहाला खाली यायचा. दुपारी बादलीभर बर्फात गुडघा. मैदानात त्याने त्या मोसमात काय हुशारीने खेळ केला, धावणं कसं वाचवलं, ते मी विसरणार नाही. पण दर तीन दिवसांनी सामना आला की तो संपायचा. हे आम्हाला करारापूर्वी कळायला हवं होतं, कळलं नोव्हेंबरात.

आणि त्याच प्रकरणात माझी दुसरी चूक होती, ती नियमांतली. करारात मी एक ओळ घातली होती: 'हा करार वैद्यकीय तपासणी समाधानकारक झाल्यास लागू होईल.' वाचायला शहाणपणाची वाटते. पण फिफाच्या खेळाडू-नियमावलीच्या 18 व्या कलमात स्पष्ट आहे की कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर अवलंबून ठेवता येत नाही. सही झाली की करार झाला. एमआरआय नंतर काढला, गुडघ्याची कूर्चा जवळपास गेलेली, आणि आमच्या ओळीला काडीचा अर्थ नव्हता. पगार पूर्ण मोसमाचा द्यावा लागला, आणि द्यायलाच हवा होता. तो बिचारा काही लपवून बसला नव्हता, आम्ही विचारलंच नव्हतं. तेव्हा मेडिकल आधी, सही नंतर. दोन्ही गुडघे, घोटे, कंबर, हृदयाची तपासणी, आणि गेल्या तीन वर्षांच्या दुखापतींची यादी त्याच्याच हातून लिहून घ्या. पंधरा-वीस हजार जातील. जाऊ द्या.

करार किती वर्षांचा? एक. खेळाडू दोन मागेल, त्याच्या जागी मीही मागितली असती. थियागो सिल्वा ऑगस्ट 2020 मध्ये चेल्सीकडे फुकटात आला तेव्हा छत्तिशीला महिना राहिला होता. करार एका वर्षाचा, पुढे वाढवण्याची सोय. पुढच्या मे महिन्यात त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली आणि तो माणूस एकेक वर्ष वाढवत चार मोसम राहिला. चेल्सीसारखा क्लब जर वर्षावर थांबतो तर तुम्ही दोन कशाला देता?

पैशांची रचना मात्र नीट विचार करून ठेवा. सगळे 'दर सामन्याला इतके' या वाटेने जातात. त्यात एक खोच आहे. 'पंधरा सामने झाले की करार आपोआप एक वर्ष वाढेल' असं लिहिलं, की चौदाव्या सामन्यानंतर कार्यालयातून प्रशिक्षकाला फोन जातो. मी असा फोन झालेला ऐकलाय. त्या दिवसापासून ड्रेसिंग रूममध्ये कुणाचा कुणावर विश्वास उरला नाही, आणि पोरांना सगळं कळतं, ती आंधळी नसतात. म्हणून मी सामन्यांऐवजी उपलब्धतेचे दिवस मोजतो. महिन्यातले जितके दिवस तो पूर्ण सरावाला हजर आणि तंदुरुस्त, त्या प्रमाणात वरचा भत्ता. खेळवायचं की नाही हे प्रशिक्षक ठरवेल. तयार राहणं खेळाडूच्या हातात आहे, पैसे त्याचे द्या. मूळ पगार कमी, पण तो दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. दोन महिन्यांचा पगार थकला आणि खेळाडूने पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली, तर फिफाच्या नियमांनुसार त्याला रास्त कारणाने करार मोडता येतो. प्रकरण एआयएफएफच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय फेडरेशनच्या, प्लेयर स्टेटस कमिटीपुढे गेलं की नव्या नोंदण्यांवर बंदी येऊ शकते. तरुण पोरगं गप्प बसतं. पंधरा वर्षं लीग खेळलेल्या माणसाला ही कलमं तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतात.

सीनियरच्या बाजूने एक सरळ फायदा: त्याच्यावर ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्याला घडवणाऱ्या क्लबांना द्यायची भरपाई, लागत नाही. खेळाडू 23 वर्षांचा होतो त्या वर्षाच्या अखेरीस तो विषय संपतो.

अजून एक किंमत असते ती पैशात दिसत नाही: जागा. आयएसएलमध्ये सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी चालायचे, 2017-18 पासून पाच, 2021-22 पासून चार. जागा कमी होत गेल्या तसे नावाचे सीनियर दिसेनासे झाले. चारातली एक जागा अर्धा तास खेळणाऱ्याला देणं परवडेना. तुमचा माणूस भारतीय आहे, तुम्हाला तो कोटा नाही. पण पगाराच्या एकूण रकमेत आणि अकरा जणांत तो एक जागा अडवणारच. त्याच्या जागी कोण बसणार, आणि बसणाऱ्याला काय वाटणार, हे आधी मनाशी ठरवा. सुनील छेत्रीसारखा अपवाद, वयाची चाळिशी ओलांडताना 2024-25 च्या लीगमध्ये 14 गोल, दाखवून एजंट तुम्हाला पटवायला बघेल. त्याला सांगा, छेत्री आणून दे, लगेच सही करतो.

गोलकीपर वेगळी जात आहे. डेव्हिड जेम्स 44 व्या वर्षी खेळाडू-व्यवस्थापक म्हणून केरळला 2014 च्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन आला. गोलकीपर सीनियर मिळत असेल तर माझे अर्धे आक्षेप मी मागे घेतो.

आता लोन.

लोन म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे 'एनओसी आणली की झालं' अशी समजूत फार. लोन फक्त व्यावसायिक खेळाडूचं होतं. त्या आयएसएल क्लबच्या अकादमीतली पोरं हौशी म्हणून नोंदलेली असतील तर ते लोन नव्हेच, ती सरळ बदली, आणि मोसमानंतर त्यांना परत नेण्याचा आपोआप हक्क कुणाला नाही. तो क्लब 'लोन' म्हणतोय आणि सीआरएसवर, म्हणजे फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीवर, पोरगा 'अ‍ॅमॅच्युअर' (हौशी) दिसतोय, असं दोनदा माझ्या पाहण्यात आलंय. पहिला फोन याच चौकशीचा करा.

लोनमध्ये खेळाडूचा मूळ करार जिवंत राहतो. वेगळं काही ठरवलं नसेल तर लोनच्या काळापुरता तो स्थगित असतो, एवढंच. म्हणजे पगार कोण किती देणार हे लिहिलं नसेल तर वाद तुमच्या दारात. फिफाने 1 जुलै 2022 पासून आंतरराष्ट्रीय लोनचे नियम कडक केले आणि देशोदेशीच्या फेडरेशनना आपापले नियम त्याला जुळवून घ्यायला तीन वर्षं दिली. गाभा असा: लेखी करार हवाच; मुदत कमीत कमी दोन विंडोंमधल्या अंतराएवढी, जास्तीत जास्त एक वर्ष; लोनवर आलेल्याला पुढे तिसऱ्याला लोनवर देता येत नाही; एका क्लबकडून एका वेळी तीनपेक्षा जास्त नाहीत. क्लबाने बाहेर दिलेले आणि बाहेरून घेतलेले यांची प्रत्येकी मर्यादा आठवरून सात आणि जुलै 2024 पासून सहा अशी उतरत आली. मोसमात 21 पूर्ण करणारा किंवा त्याहून लहान, आणि सोडणाऱ्या क्लबानेच घडवलेला असा खेळाडू या मोजणीत धरत नाहीत. वय आणि घडण, दोन्ही अटी एकत्र लागतात, हे विसरू नका. हे आकडे आंतरराष्ट्रीय लोनचे. देशांतर्गत लोनसाठी त्या मोसमाचं एआयएफएफचं परिपत्रक आणि स्पर्धेची नियमावली समोर ठेवूनच बोला. तुम्ही 'तीन-चार पोरं' एकाच क्लबकडून म्हणताय, तिथेच पहिला प्रश्न उभा राहतो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगने तर याहून आवळलंय. लीगमधल्याच क्लबांकडून एका वेळी दोनच, अख्ख्या मोसमात चार, आणि एका क्लबकडून एका वेळी एकच. कारण उघड आहे: श्रीमंत क्लबाने स्वतःची दुसरी टीम दुसऱ्याच्या नावाने लीगमध्ये उतरवू नये. आपल्याकडे 2014 ला नेमकं याच्या उलट चित्र होतं. आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर, आय-लीग जानेवारीपासून, त्यामुळे एकाच खेळाडूने अर्धं वर्ष इथे आणि अर्धं तिथे खेळायचं. एफसी गोव्यातले बरेचसे गोंयकार पोरगे धेंपो या गोव्याच्या जुन्या क्लबाचे होते. त्या व्यवस्थेची हौस फिटली ती 2016 ला. छेत्री बेंगळुरूचा, लोनवर मुंबई सिटीत. युजेनसन लिंगडोहसुद्धा बेंगळुरूचा, लोनवर पुण्यात. बेंगळुरू एएफसी कपात, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेत, पुढे पुढे जात राहिलं, 19 ऑक्टोबरला उपांत्य, 5 नोव्हेंबरला दोह्यात अंतिम. देशासाठी अभिमानाची गोष्ट. पण आयएसएल 1 ऑक्टोबरला सुरू झालेली, आणि मुंबई-पुण्याचे प्रशिक्षक आपल्या हुकमी खेळाडूंची वाट बघत बसलेले. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. लोनच्या खेळाडूचं कॅलेंडर तुमच्या भिंतीवर नसतं.

हेच हेनरिक लार्सनच्या बाबतीत. जानेवारी 2007 ला पस्तिशीचा लार्सन स्वीडनच्या हेलसिंगबोर्गकडून दहा आठवड्यांसाठी मँचेस्टर युनायटेडला आला. एकाच करारात सीनियरही आणि लोनही, म्हणून तुमच्या प्रश्नाला हे उदाहरण चपखल बसतं. तो इतका जमला की युनायटेडला तो मोसमभर हवा होता. लार्सनने दिलेला शब्द पाळला आणि मार्चमध्ये, ऐन जेतेपदाच्या झुंजीत, परत गेला. युनायटेड तरीही लीग जिंकलं. तुमच्याकडे मागे बसलेली तशी फळी नाही, तेव्हा मुदतीची तारीख डोळ्यात तेल घालून वाचा.

मी वाचली नव्हती. एका मोसमात आमचा गोलकीपर लोनवर होता. करारात मुदत '31 मार्च', कारण लीग तेवीस मार्चला संपणार असं वेळापत्रक होतं. पावसाने नाही, मैदान न मिळाल्याने सामने पुढे ढकलले गेले आणि प्लेऑफ आला 4 एप्रिलला. मूळ क्लबाला विनवण्या केल्या. त्यांचं म्हणणं, आमचा कीपर आजारी आहे, आम्हाला आमचा पोरगा हवाय. तो हक्काने गेला. 4 एप्रिलला आमचा दुसरा कीपर उभा होता, एकोणीस वर्षांचा, आणि लोनवरून परत गेलेला पोरगा प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होता. मी फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो, उगाचच. आता मी तारीख लिहितच नाही अशी. 'स्पर्धेतील क्लबचा शेवटचा अधिकृत सामना किंवा अमुक तारीख, यांपैकी जे नंतर' असं लिहितो, आणि ती तारीख मूळ क्लबाच्या विंडोत पडते ना हे तपासतो. 2025 च्या जुलैत खुद्द आयएसएलचाच मोसम थांबवला गेला, तेव्हा काही क्लबांनी पगार रोखून धरले. लीगच लांबली तर लोनचं आणि पगाराचं काय, हे दोन ओळींत लिहून ठेवणं आता गरजेचं झालंय.

परत बोलावण्याचा हक्क हा दुसरा वादाचा मुद्दा. मोठा क्लब तो मागणारच. द्या, पण फक्त जानेवारीच्या विंडोत, आणि किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवून, म्हणजे तुम्हाला बदली शोधता येईल. इथेच खेळाडूच्या हिताचाही एक नियम आहे: एका मोसमात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून, काही अपवाद सोडून. मूळ क्लबाकडून ऑगस्टात पाच मिनिटं खेळून तुमच्याकडे आलेला पोरगा तुम्ही खेळवला, की त्याला त्या मोसमात तिसरीकडे खेळण्याची वाट जवळपास बंद. त्याला हे समजावून सांगा. त्याचा एजंट सांगेलच असं नाही.

आता सगळ्यांच्या आवडीचं कलम: मूळ क्लबाविरुद्ध खेळायचं नाही. प्रीमियर लीगमध्ये हा लीगचाच नियम आहे, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. जिथे लीगचा नियम नाही तिथे दोन क्लबांनी आपापसात असं लिहिणं धोक्याचं असतं, कारण दुसऱ्या क्लबाच्या निर्णयांवर प्रभाव टाकणारा करार फिफाच्या 18 बिस कलमात बसत नाही, आणि त्यावरून दंड झालेले आहेत. 2014 ला थिबो कुर्तुआ चेल्सीचा, लोनवर अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे, आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत नेमकी या दोघांची गाठ. त्याला खेळवायचं तर अ‍ॅटलेटिकोने चेल्सीला पैसे द्यायचे अशा कलमाची चर्चा होती. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, जाहीर केलं की असं कलम आमच्या लेखी शून्य. तो खेळला, चेल्सी हरलं. त्याआधी 2004 मध्ये रेआल माद्रिदने मोनॅकोला लोनवर दिलेल्या मोरियेंतेसने दोन्ही लेगमध्ये गोल करून रेआललाच बाहेर काढलं. आणि 2020 मधला कुतिन्यो: बार्सिलोनाचा खेळाडू, बायर्नकडे लोनवर, बदली म्हणून उतरला आणि 8-2 मधले शेवटचे दोन गोल त्याचे. तुमच्या बाबतीत तो आयएसएल क्लब आणि तुम्ही एका स्पर्धेत नसाल, तर हे कलम मुळात कशाला? मसुद्यात असेल तर काढायला सांगा. बहुतेक वेळा कुणीतरी जुना मसुदा कॉपी केलेला असतो.

'इतके सामने खेळवलेच पाहिजेत, नाहीतर दंड' हे त्याच जातीचं कलम. त्याऐवजी उलट बाजूने लिहा: पोरगा जितका जास्त खेळेल तितकी लोन फी कमी. मूळ क्लबाला पोराला खेळ मिळावा एवढंच हवं असतं, आणि तुमच्या प्रशिक्षकाचा हात बांधला जात नाही.

दुखापत. याच्यावर भांडणं सर्वांत जास्त आणि लिखाण सर्वांत कमी. बेकहॅम एलए गॅलक्सीकडून मिलानला लोनवर गेला, मार्च 2010 मध्ये टाचेची शीर तुटली, वर्ल्ड कप गेला, आणि गॅलक्सीचा बराचसा मोसमही. तुमच्या पातळीवर प्रश्न साधे असतात: स्कॅन कुठे काढायचा, बिल कोण भरणार, ऑपरेशनचा निर्णय कुणाच्या डॉक्टरचा, पोरगा सावरताना राहणार कुठे. एक-एक ओळ लिहा. विम्याची पॉलिसी कुणाच्या नावाने आहे त्याची प्रत मागून घ्या, 'आहे हो' वर थांबू नका.

आणि मध्येच जमलं नाही म्हणून पोराला घरी पाठवता येत नाही असं नाही. करार मुदतीआधी मोडला तर त्याला मूळ क्लबात परतण्याचा हक्क असतो आणि त्यांनी त्याला सामावून घ्यावं लागतं. पण मोडण्याचं कारण तुमच्याकडे धड नसेल तर भरपाईचं बिल येतं.

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग: दोन्ही परवडत नसतील तर कोण? मी दोन लोनची पोरं आणि सीनियर असं घेईन, चार पोरं नाही. पोरांना मैदानात कुणीतरी ओरडणारा लागतो, आणि ते काम परक्या क्लबाचा एकवीस वर्षांचा मुलगा करत नाही. पण सीनियर घ्यायचा तो वर सांगितलेल्या अटींवर: गेल्या मोसमात निदान हजारेक मिनिटं खेळलेला, मेडिकल आधी, करार एका वर्षाचा, भत्ता दिवसांवर. यातली एक जरी अट तो मानत नसेल तर नम्रपणे चहा पाजून निरोप द्या, आणि त्याला मोसमानंतर प्रशिक्षक म्हणून विचारा. बऱ्याचदा तेच त्याच्याही मनात असतं. बाकी आय-लीग 3 चं यंदाचं परिपत्रक आलं की त्यातल्या खेळाडू-यादीच्या तारखा मला कळवा, लोनचा मसुदा त्या बघूनच नक्की करू.